साक्षीत प्रश्नही लिहिला जावा : फौजदारी वकिलांना खुले पत्र

प्रति,
फौजदारी न्यायालयांत सरकारी पक्षाकडून आणि बचाव पक्षाकडून उभे राहणारे सर्व वकील

सन्माननीय वकील बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी सत्र न्यायालयात लघुलेखक होतो. पिंजऱ्यात साक्षीदार बोलायचा, तुम्ही प्रश्न विचारायचात, न्यायाधीश महोदय त्यातून एक वाक्य तयार करून सांगायचे आणि ते वाक्य मी टंकित करायचो. न्यायालयात जे बोललं गेलं आणि कागदावर जे उरलं, त्या दोहोंच्या मधली ती खुर्ची. तिथून तुमची भाषा जशी दिसते तशी ती तुमच्या अशिलालाही दिसत नाही आणि बाकावर बसलेल्या पत्रकारालाही दिसत नाही. निवृत्तीनंतर मनात साचून राहिलेलं तेच तुमच्यापुढे ठेवतो आहे.

मन वळवणं हे तुमचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्राचीन अथेन्समध्ये आरोपीला स्वतःच बोलावं लागे, तरी लिसियससारखे लोक पैसे घेऊन त्यांना भाषणं लिहून देत. इसवी सनापूर्वी ८० साली रोममध्ये तरुण सिसेरो बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या माणसासाठी उभा राहिला आणि त्याने विचारलं, या मृत्यूने फायदा कोणाचा झाला? आजही किती अंतिम युक्तिवाद याच प्रश्नाभोवती फिरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अॅरिस्टॉटलने तर मन वळवण्याची तीन साधनं नोंदवून ठेवली आहेत: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. अंतिम युक्तिवादात ही तिन्ही वापरा. आवाज चढवा, थांबा, घटनाक्रम गोष्टीसारखा मांडा. तिथे सगळ्यांना माहीत असतं की वकील त्याच्या पक्षाची बाजू मांडतो आहे, समोरचा वकील उत्तर देतो, न्यायाधीश दोन्ही तोलतात. त्यात लपवाछपवी नाही.

माझं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे. उलटतपासणीत प्रश्नाच्या पोटात युक्तिवाद घातला जातो, तो साक्षीदाराच्या तोंडून वदवून घेतला जातो आणि नोंदीत मात्र तो साक्षीदाराचं स्वतःचं, स्वेच्छेने केलेलं विधान म्हणून राहतो.

हे कसं घडतं ते एका उदाहरणाने सांगतो. खटला कुठलाच मनात धरू नका, असे प्रसंग रोज घडतात. मारहाणीच्या गुन्ह्यात शेजारची बाई साक्षीला आली आहे.

“तुम्ही घराबाहेर आलात तेव्हा आरोपी पळत होता आणि तुम्हाला त्याची पाठ दिसली, बरोबर?”

“पाठ दिसली, पण कोपऱ्यावर त्यानं मागं वळून…”

“बाई, विचारलं तेवढंच सांगा. पाठ दिसली. हो की नाही?”

“हो.”

आणि मी टंकित करतो: “हे म्हणणे खरे आहे की, मला पळून जाणाऱ्या माणसाची पाठ दिसली.”

अर्धवट तुटलेलं वाक्य गेलं. “विचारलं तेवढंच” गेलं. प्रश्न तर गेलाच. “आरोपी” होता त्याचा “पळून जाणारा माणूस” कधी झाला, हेही कोणी विचारत नाही. अशा वेळी सरकारी वकिलांनी उठून फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारताना, एवढंच विचारायला हवं की कोपऱ्यावर काय झालं. पण साक्षीच्या शेवटी मी कितीदा तरी तीन शब्दांची ओळ लिहिली आहे: “फेरतपासणी : काही नाही.” पुढे अपिलात उच्च न्यायालयापुढे जो कागद जातो, त्यात या बाईने चेहरा पाहिलाच नव्हता असं दिसतं.

हा कोणाचा खोटेपणा नाही, हे मला ठाऊक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७६ सांगत होतं की, सत्र न्यायालयात साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात, म्हणजे प्रश्न न लिहिता सलग कथनासारखी, नोंदवावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही ती रीत चालू ठेवली आहे. मात्र त्याच कलमात पुढे असंही आहे की, न्यायाधीशांना योग्य वाटल्यास साक्षीचा कोणताही भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात घेता येतो. ही वाट कायद्यातच आहे, तिच्यावरून कोणी जात नाही इतकंच. आणि ती मागायला तुमच्यापैकी कोणीतरी उठून उभं राहावं लागतं.

सूचक प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घ्या असं मी म्हणत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सूचक प्रश्न म्हणजे काय ते सांगितलं: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे तेच सुचवणारा प्रश्न. समोरच्या पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही, उलटतपासणीत चालतो. यामागचं कारणही रास्त आहे. विरोधी पक्षाचा साक्षीदार तुमच्या प्रश्नाला सहजासहजी बळी पडणार नाही, असं कायदा धरून चालतो. पण पहिल्यांदाच न्यायालयाची पायरी चढलेला, रोजगार बुडवून आलेला, काळा कोट बघूनच घसा कोरडा पडलेला माणूस प्रश्नाला बळी पडत नाही, हे गृहीतक धरायचं कसं?

प्रश्नातल्या शब्दांनी आठवणीचं काय होतं हे तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गाड्यांच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्न एकच, क्रियापद फक्त बदललं. गाड्या “एकमेकींना लागल्या” अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आलं. “जोरात आदळल्या” अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा तेच उत्तर सुमारे ४१ मैलांवर गेलं. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने लोकांना परत बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फितीत काचा नव्हत्याच. जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काचा दिसल्याचं सांगितलं, साधा “धडकल्या” शब्द ऐकलेल्या ५० पैकी फक्त ७ जणांनी. म्हणजे शब्दाने त्या दिवशीचं उत्तर तर बदललंच, आठवड्यानंतरची आठवणही बदलली.

आता आपल्या न्यायालयाकडे या. एकाच घटनेला सरकारी पक्ष “हल्ला चढवला” म्हणतो, बचाव पक्ष “बाचाबाची झाली” म्हणतो. साक्षीदाराला विचारताना तुम्ही यातला कुठला शब्द उचलता, त्यावर त्याची पुढची दहा उत्तरं कुठल्या वाटेने जातील ते ठरतं. आणि आपल्या बोलीत एक अडचण आणखी आहे. “तुम्ही तेव्हा तिथं नव्हता ना?” या प्रश्नाला माणूस “हो” म्हणतो. कशाला हो म्हणाला? नव्हतो याला, की होतो याला? मान डोलावून म्हटलेल्या अशा “हो” चं पूर्ण वाक्य होऊन कागदावर येतं आणि ते कुठल्या बाजूचं झालं हे साक्षीदाराला कळतसुद्धा नाही. एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्या की तीच गत. “तुम्ही त्याच्या दारात गेलात आणि भांडण काढलंत, हे खरं ना?” तो म्हणतो, “गेलो होतो.” दारात गेल्याच्या कबुलीबरोबर भांडणाची कबुलीही पदरात पडू पाहते. दक्ष न्यायाधीश असतील तर थांबवतात. बोर्डावर पन्नास प्रकरणं असली की दक्ष माणूसही दमतो.

विश्वास कोणावर बसतो हेही भाषाच ठरवते, आणि इथे मला सगळ्यात वाईट वाटत आलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात न्यायालयीन साक्षींचा अभ्यास केला. एकच मजकूर दोन पद्धतींनी ऐकवला. एकात ठाम, सरळ उत्तरं, दुसऱ्यात “मला वाटतं”, “बहुतेक”, “म्हणजे तसं काहीसं” असं अडखळत बोलणं. ऐकणाऱ्यांनी ठाम बोलणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवला. मजकूर तोच होता. माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले कितीतरी खरे साक्षीदार अडखळत बोलत, कारण खरं आठवताना माणूस अडखळतोच. आणि सराईत पंच, तोच तो पंचनामा घडाघडा सांगून जात. “बहुतेक” म्हणणाऱ्याला “म्हणजे खात्री नाही, बरोबर?” असं विचारून मोकळं होणं फार सोपं आहे. प्रामाणिकपणाने शब्द जपून वापरणाऱ्याला ती शिक्षाच होते.

बचाव पक्षाकडेच बोट दाखवतो आहे असं समजू नका. सरकारी पक्षाची मन वळवणारी भाषा तर वकील उभा राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पोलिस ठाण्यात लिहिलेले जबाब वाचा. शेतकरी, दुकानदार, विद्यार्थिनी, सगळे एकाच हवालदाराच्या भाषेत बोलतात: “संगनमत करून”, “गैरकायद्याची मंडळी जमवून”, “जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने”. उद्देश काय होता हे न्यायालयाने ठरवायचं, ते साक्षीदाराच्या जबाबात आधीच लिहिलेलं असतं. आणि पुढे याच जबाबावरून त्याच साक्षीदाराला पकडलं जातं. तो काही नवं बोलला की प्रश्न येतो, हे जबाबात का नाही? पोलिसांपुढच्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, सही घेऊच नये असा कायदा आहे. तो त्याने स्वतः लिहिलेला नसतो, बऱ्याचदा त्याला धड वाचूनही दाखवलेला नसतो. तरी मी टंकित करतो: “माझ्या जबाबात तसे का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.” कारण तो कसं सांगणार? ते हवालदाराला विचारायला हवं. महत्त्वाची गोष्ट वगळली गेली असेल तर ती विसंगती ठरू शकते, हे कायद्याचं तत्त्व योग्यच आहे. पण प्रत्येक बारीकसारीक वगळीला खोटेपणाचा रंग देणं हे त्या तत्त्वाचं काम नव्हे.

सरकारी वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की, निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने खटला चालवावा आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकेल अशी कोणतीही गोष्ट दडवू नये. हा नियम भाषेलाही लागू आहे असं मी मानतो. आरोप सिद्ध होण्याआधी आरोपीला “नराधम” म्हणायचं, तज्ज्ञाच्या तोंडून एखादा भलामोठा आकडा काढून त्याच्यावर सगळा भार टाकायचा, हेही दडवणंच आहे. इंग्लंडमध्ये १९९९ साली दोन तान्ह्या बाळांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या आईला शिक्षा झाली. अशा कुटुंबात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं एका डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं होतं. दोन मृत्यू एकमेकांशी निगडित नाहीत असं धरून तो आकडा काढला होता, आणि आई निर्दोष असण्याची शक्यता तेवढीच, असा त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या मनात बसला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून हा आकडा चुकीचा असल्याचं सांगितलं. ती आई २००३ साली सुटली. एका आकड्याचा खणखणीतपणा किती मन वळवतो, ते यात दिसतं.

तुमच्यापैकी अनेक जण मला म्हणाला आहात की, आपल्याकडे ज्यूरी (कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) नाही, न्यायाधीश मुरलेले असतात, शब्दांनी ते हलत नाहीत. १९५९ चा नौदलातल्या कमांडर नानावटींचा खुनाचा खटला त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. यावरून ज्यूरी भुलते आणि न्यायाधीश भुलत नाहीत, असा निष्कर्ष काढला जातो. (त्या एका खटल्यानेच ज्यूरी गेली हेही तितकंसं खरं नाही, ती आधीपासून मागे पडत आली होती.)

पण न्यायाधीशही माणसंच. जर्मनीत बिर्ते एंग्लिश आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कायद्याच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांना चोरीच्या एका प्रकरणात शिक्षा ठरवायला सांगितली आणि सरकारी पक्षाची मागणी ठरवण्यासाठी त्यांनाच फासे टाकायला लावले. फासे मुद्दाम असे बनवले होते की, काहींना नेहमी ३ पडावेत, काहींना ९. आकडा फाशांतून आला हे डोळ्यांसमोर दिसत असूनही ९ पडलेल्यांनी सरासरी जवळपास ८ महिने शिक्षा सुचवली, ३ पडलेल्यांनी ५ च्या आसपास.

आणि आपल्याच राज्यातलं उदाहरण विसरता येत नाही. १९७२ साली देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, ही बचावाची भाषा निकालपत्रात उतरली होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. तिथे ज्यूरी नव्हती. होती ती वर्षानुवर्षं ऐकून कानांना सवयीची झालेली भाषा.

तीच भाषा अजून उलटतपासणीत ऐकू येते. पीडितेला पन्नास सूचना दिल्या जातात, म्हणजे बचावाची विधानं एकेक करून “हे खरं ना?” असं विचारत तिच्यापुढे ठेवली जातात. “पैशासाठी खोटी तक्रार दिली, हे म्हणणे खरे नाही.” “माझे दुसऱ्याशी संबंध होते, हे म्हणणे खरे नाही.” नाकारलेली सूचना पुरावा नसते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण तिची साक्ष वाचायला घेतली की पानंच्या पानं तिच्यावरचे आरोपच दिसतात, प्रत्येकाच्या शेवटी एक “नाही”. जुन्या पुरावा कायद्याची कलमं १४९ ते १५२ यासाठीच होती: सबळ आधाराशिवाय चारित्र्यावर घाला घालणारे प्रश्न विचारू नयेत, अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायालयाने थांबवावेत. नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद आहे. १९९६ साली गुरमीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, पीडितेची उलटतपासणी चालू असताना न्यायालयाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्यात तर वकील मुलाला थेट प्रश्न विचारतच नाहीत, ते विशेष न्यायालयाला देतात आणि न्यायालय मुलाला विचारतं. हे लहान मुलासाठी करता येतं, तर घाबरलेल्या मोठ्या माणसाला निदान वाक्य पुरं करू देता येईल.

कठोर उलटतपासणी हवीच. तिच्याशिवाय खोट्या फिर्यादींत निरपराध माणसं खितपत पडतील, आणि अशी माणसं सुटताना मी पाहिली आहेत. अब्राहम लिंकन यांनी १८५८ साली खुनाच्या एका खटल्यात साक्षीदाराला मोकळेपणाने बोलू दिलं. रात्र होती, अंतर बरंच होतं, पण लख्ख चांदण्यात मी पाहिलं, असं तो ठामपणे सांगत राहिला. मग त्यांनी पंचांग उघडलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. तिथे साक्षीदाराचं तोंड दाबावं लागलं नाही, तो जितकं जास्त बोलला तितका बचाव पक्का होत गेला. माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या सर्वोत्तम उलटतपासण्या अशाच होत्या. त्या करणारे वकील हळू बोलत, एका वेळी एकच गोष्ट विचारत आणि मला टंकित करायला सगळ्यात सोपं जाई, कारण प्रश्न आणि उत्तर यांत काही लपलेलं नसे.

माझ्या मागण्या कायद्याबाहेरच्या नाहीत. वादाच्या मुद्द्यावर साक्षीदाराचं उत्तर प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असेल, तिथे प्रश्नोत्तराच्या रूपात नोंद घ्यावी असा अर्ज तुम्ही स्वतः करा, मग तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा. सरकारी वकिलांनो, हरकत नोंदवून घ्या, ती फेटाळली गेली तरी चालेल, अपिलात ती दिसेल. आणि फेरतपासणीत एखादा प्रश्न उरला असेल तर तो विचाराच. विधी महाविद्यालयांत शिकवणाऱ्या तुमच्यातल्या मंडळींनी विद्यार्थ्यांना अभिरूप न्यायालयात नुसते युक्तिवाद करायला लावू नयेत. त्यांना साक्ष घ्यायला लावा, तिची नोंद करायला लावा, आणि मग मूळ बोलणं आणि नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावा.

शेवटचं एक. जुन्या संहितेच्या कलम २७८ प्रमाणे, आणि आता नव्या संहितेप्रमाणेही, साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष वाचून दाखवायची असते आणि चूक असेल तर दुरुस्त करायची असते. प्रत्यक्षात शिपाई बोट ठेवून जागा दाखवतो, साक्षीदार सही करतो आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं. तुम्ही तिथेच उभे असता. साक्ष मोठ्याने वाचून दाखवा, असं न्यायाधीश महोदयांना सांगायला एक मिनिट लागतं, ऐकायला दहा लागतील. ती दहा मिनिटं मागत जा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक